नाद फ्लोरिनचा!

२६ जून ही तारीख कोल्हापूरकरांना वेगळी सांगावी लागत नाही. शाहू जयंती! १८७४ साली या दिवशी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. या तारखेला आता आणखी एक गोष्ट जोडून ठेवा. महाराजांना १२ वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, २६ जून १८८६ रोजी, तिकडे पॅरिसमध्ये ३३ वर्षांच्या एका माणसाने एक वायू पकडून दाखवला. साधासुधा वायू नव्हे. त्याच्या नादाला लागून आधीच दोन रसायनशास्त्रज्ञ जिवानिशी गेले होते आणि कित्येकांनी तब्येत कायमची बिघडवून घेतली होती. तो वायू म्हणजे फ्लोरिन आणि तो माणूस म्हणजे आंरी म्वासाँ.

नाव फ्रेंच आहे, त्यामुळे जीभ जरा अडखळणारच. तुमच्या पुस्तकात तो हेन्री मॉइसन म्हणून भेटला असेल, तोही एका ओळीत. फ्लोरिन कोणी वेगळा केला, कधी केला, संपलं. परीक्षेला तेवढं पुरतं. पण त्या ओळीमागचा माणूस ओळखीचा करून घ्यावा असा आहे. एक तर तो वर्गातला टॉपर वगैरे अजिबात नव्हता. आणि दुसरं म्हणजे, ज्या कामात त्याच्यापेक्षा नावाजलेली माणसं हरली, तिथे तो जिंकला तो भांड्याचा विचार केला म्हणून. भांड्याचा म्हणजे काय, ते पुढे येईलच.

घड्याळाच्या दुकानातून औषधाच्या दुकानात

म्वासाँचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ चा, पॅरिसमधला. वडील रेल्वे कंपनीत लहानशा हुद्द्यावर, आई शिवणकाम करायची. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरासारखंच घर, महिन्याची तोंडमिळवणी करत चालणारं. १८६४ मध्ये कुटुंब पॅरिसजवळच्या मो या गावी राहायला गेलं आणि आंरी तिथल्या शाळेत जाऊ लागला. रसायनशास्त्राची गोडी तिथेच लागली. पण विद्यापीठात प्रवेश घ्यायला जे प्रमाणपत्र लागायचं, ते काही त्याच्या हातात पडलं नाही. त्याशिवायच १८७० मध्ये त्याची शाळा सुटली.

मग पोटापाण्याचं काय? पोराला घड्याळजीकडे शिकाऊ म्हणून ठेवलं. तेवढ्यात फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. आंरी सैन्यात गेला, परत आला आणि पॅरिसमध्ये एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करू लागला. आज आपण मेडिकलचं दुकान म्हणतो तसं ते नव्हतं. त्या काळी औषधं दुकानातच कुटून, मोजून, मिसळून तयार व्हायची. कुठल्या पदार्थाचा किती गुंज डोस औषध आणि किती गुंज विष, हे तिथे हाताला कळायचं. एकदा आर्सेनिक पोटात गेलेल्या एका माणसाला म्वासाँने तिथे वेळीच उपचार करून वाचवलं, असं त्याच्या चरित्रांत सांगतात. हे आर्सेनिक पुढे त्याच्याच वाट्याला येणार होतं.

१८७२ मध्ये त्याने एदमाँ फ्रेमी या नामवंत रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत शिरकाव करून घेतला. नंतर देएरँ नावाचे दुसरे सर भेटले. पोरगं हुशार आहे, नुसतं दुकानात सडायला नको, हे त्यांनी ओळखलं आणि त्याला पुन्हा परीक्षेला बसायला लावलं. पहिल्या खेपेला तो नापास झाला. पुन्हा बसला आणि १८७४ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षाच्या आसपास, शाळेतच मिळायला हवं होतं ते प्रमाणपत्र त्याने मिळवलं. १८७९ मध्ये तो पहिल्या श्रेणीचा फार्मासिस्ट झाला, १८८० मध्ये डॉक्टरेट. ज्यांचं एखादं वर्ष मागे राहिलंय किंवा एटीकेटी डोक्यावर आहे, त्यांनी ही तारखांची रांग जरा सावकाश वाचावी.

१८८२ मध्ये त्याचं लग्न झालं. लेओनी लुगाँ ही मो गावातल्या एका औषध दुकानदाराची मुलगी. सासरेबुवांनी जावयाच्या संशोधनामागे पैसाही उभा केला. त्यामुळे नोकरीच्या मागे वणवण न करता म्वासाँला अवघड प्रश्नाला हात घालता आला. आणि त्याने निवडला तो त्या काळातला सगळ्यात वाईट प्रश्न.

ताक कळकतं तसं

घरात आजी असेल तर तिला विचारा, बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं? ती सांगेल, कळकतं. आंबट ताक पितळेला खातं, त्यातलं तांबं ताकात उतरतं आणि ते पिण्यालायक राहत नाही. म्हणून भांड्याला आतून कल्हई करायची. भांडं आणि आतला पदार्थ यांच्यामध्ये कथलाचा पातळ पडदा.

फ्लोरिनचं दुखणं नेमकं हेच, फक्त हजार पटीने. तो काचेला खातो, लोखंडाला खातो, पाण्याला फोडतो, लाकूड पेटवतो. हायड्रोजनशी गाठ पडली तर अंधारातही स्फोट होतो. असा पदार्थ तयार करायचा तर कशात? आणि समजा झालाच तयार, तर ठेवायचा कशात?

तो असा का वागतो? फ्लोरिनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात, आठवा हवा असतो. अणू लहानसा, त्यामुळे केंद्रकाची ओढ जबरदस्त. शाहू स्टेडियमवर एखादा खेळाडू बघितला असेल तुम्ही, जो समोरच्याच्या पायातला बॉल अलगद काढून नेतो आणि एकदा बॉल मिळाला की कुणाला पासच देत नाही. फ्लोरिन हा तो खेळाडू. क्लोरिन हवा असेल तर त्याच्या संयुगातून दुसऱ्या एखाद्या रसायनाने तो हुसकून काढता येतो. फ्लोरिनकडून इलेक्ट्रॉन परत काढून घेईल असा गडी रसायनशास्त्राच्या मैदानात तेव्हा कुणाला सापडत नव्हता. उरला एकच मार्ग, विजेचा.

फ्लोरिनची संयुगं मात्र जुनीच ओळखीची. फ्लोरस्पार नावाचं खनिज, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड, धातू वितळवताना भट्टीत टाकलं की स्लॅग पातळ होतो, हे युरोपातल्या खाणवाल्यांना सोळाव्या शतकापासून ठाऊक होतं. फाउंड्रीच्या धंद्यात आजही हे खनिज अनोळखी नाही. फ्लोरिन हे नावही वाहणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. या फ्लोरस्पारवर गंधकाम्लाची क्रिया झाली की हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो. १७७१ मध्ये स्वीडनच्या शीलेने त्याचा नीट अभ्यास केला. हा वायू १९.५ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे कोल्हापुरात थंडीतली पहाट सोडली तर तो वायूच असणार. पाण्यात विरघळला की हायड्रोफ्लोरिक आम्ल. काचेवर नक्षी कोरायची ती यानेच.

या आम्लात एक नवं मूलद्रव्य लपलंय, असा अंदाज फ्रान्सच्या अँपिअरने इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीला कळवला, तो १८१२ च्या सुमारास. विजेच्या जोरावर सोडियम, पोटॅशियम वेगळे करणारा डेव्ही तो. त्याने इथेही वीज लावून बघितली. भांडी खराब झाली आणि वाफांनी तोही आजारी पडला. फ्रान्सचे गे-लुसाक आणि थेनार्ड यांनीही या वाफांचा त्रास सोसला. आयर्लंडच्या नॉक्स बंधूंनी तर डोकं लढवून फ्लोरस्पारचंच भांडं बनवलं. जे आधीच फ्लोरिनने भरलेलं आहे, त्याला फ्लोरिन आणखी काय खाणार? कल्पना झकास होती, पण वाफा बाहेर येत राहिल्या. एक भाऊ मरता मरता वाचला, दुसऱ्याला बरं व्हायला तीन वर्षं लागली. बेल्जियमचा लुये आणि फ्रान्सचा निकलेस हे दोघे याच नादात मेले. इंग्लंडच्या जॉर्ज गोरला १८६९ मध्ये बहुधा थोडा फ्लोरिन मिळालाही असेल, पण तो लगेच हायड्रोजनला भिडला आणि स्फोट झाला. खुद्द म्वासाँचे सर फ्रेमी यांनीही बरीच वर्षं झुंज दिली होती आणि हात टेकले होते.

विषाची चव

१८८४ मध्ये म्वासाँने काम सुरू केलं तेव्हा त्याच्याकडे स्वतःची धड प्रयोगशाळाही नव्हती. जागा दुसऱ्यांची, उपकरणं उसनी. पण त्याने एक गोष्ट शहाणपणाची केली. इतर सगळे ज्या दाराला धडका मारत होते, तिथे तो लगेच गेला नाही. त्याने आधी फ्लोरिनच्या वेगवेगळ्या संयुगांशी ओळख करून घेतली.

पहिलं होतं फॉस्फरस ट्रायफ्लोराइड. हा रंग नसलेला वायू. त्याचा हिशेब असा होता, की फॉस्फरसला ऑक्सिजन भलताच आवडतो. दोघांची गाठ घालून ठिणगी दिली, तर फॉस्फरस ऑक्सिजनकडे जाईल आणि फ्लोरिन मोकळा होईल. ठिणगी दिली, स्फोट झाला. पण फॉस्फरसने ऑक्सिजनला जवळ केलं आणि फ्लोरिनलाही सोडलं नाही. तिघांचं मिळून एक नवंच संयुग तयार झालं. मग त्याने तोच वायू तापलेल्या प्लॅटिनमवरून नेला. या खेपेला प्लॅटिनमच मध्ये पडलं. दोन्ही प्रयोग तसे फसले, पण फ्लोरिन कशाला धरून बसतो हे कळलं. आज आपल्याला हेही माहीत आहे, की फॉस्फरस ट्रायफ्लोराइड कार्बन मोनॉक्साइडसारखाच रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि शरीराचा ऑक्सिजन तोडतो. वास नाही, रंग नाही, जळजळही फारशी नाही. म्वासाँ असल्या वायूशी रोज खेळत होता.

पुढची पाळी आर्सेनिक ट्रायफ्लोराइडची. यातून वीज सोडली, तर इलेक्ट्रोडवर आर्सेनिकचा थर बसायचा आणि प्रवाहच बंद पडायचा. त्यात आर्सेनिकची विषबाधा. प्रकृतीमुळे त्याला काम अनेकदा थांबवावं लागलं. औषधाच्या दुकानात ज्या विषातून त्याने दुसऱ्याला ओढून काढलं होतं, तेच आता त्याच्या अंगात भिनत होतं. अखेर त्याने तो रस्ता सोडून दिला. हे सोडणंही महत्त्वाचं आहे. इरेला पेटून तिथेच बसला असता, तर लुये आणि निकलेस यांच्या यादीत तिसरं नाव आलं असतं.

शेवटी भांडं जिंकलं

आता तो वळला हायड्रोजन फ्लोराइडकडे. यात दोन अडचणी. पाणी मिसळलेलं आम्ल घेतलं, तर विजेने फ्लोरिन मिळतच नाही, पाण्यातला ऑक्सिजन बाहेर येतो. पूर्ण कोरडं घेतलं, तर त्यातून वीजच वाहत नाही. म्वासाँने त्यात पोटॅशियम हायड्रोजन फ्लोराइड विरघळवलं. मिठाच्या पाण्यातून वीज जाते ना, तसं. पाणी नाही आणि तरीही प्रवाह चालू. अर्धा प्रश्न सुटला.

उरलेला अर्धा प्रश्न भांड्याचा. त्याने प्लॅटिनमची यू आकाराची नळी घेतली. इलेक्ट्रोड प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचे. नळीची तोंडं बंद करायला बुचं बनवली ती फ्लोरस्पारची. नॉक्स बंधूंची कल्पना, पण नेमकी जिथे हवी तिथेच वापरलेली. आणि हा सगळा सरंजाम त्याने गोठवणाऱ्या थंडीत ठेवला. मिथाइल क्लोराइड नावाचा द्रव उणे २३ अंशांना उकळतो, त्याच्या बाष्पीभवनाने नळी त्याहूनही गार केली. पदार्थ जितका थंड, तितका त्याचा चावा कमी आणि विषारी वाफाही कमी. फ्लोरिन एका बाजूला, हायड्रोजन दुसऱ्या बाजूला, मध्ये द्रवाने भरलेली नळी. गोरच्या स्फोटाला इथे वाव नव्हता.

२६ जून १८८६. नळीच्या एका टोकातून वायू यायला लागला. म्वासाँने त्यासमोर सिलिकॉनचा तुकडा धरला. सिलिकॉनने झटक्यात पेट घेतला. फ्लोरिनशिवाय हे दुसरं कुणाचं काम असणार?

आता फ्रेंच विज्ञान अकादमीची समिती बघायला आली. बर्थेलो, दब्रे आणि स्वतः फ्रेमी सर. आणि व्हायचं तेच झालं. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल समोर उभे राहिले की आपलं जे होतं, अगदी तेच. उपकरण चालेना. वायूचा पत्ता नाही. समिती परत गेली. म्वासाँने शांतपणे शोध घेतला, तेव्हा गंमत कळली. मोठे लोक येणार म्हणून त्याने खास काळजी घेऊन इतकं शुद्ध हायड्रोजन फ्लोराइड बनवलं होतं, की त्यात पोटॅशियमचा क्षारच उरला नव्हता. मग वीज वाहणार कशी? क्षार पुन्हा मिसळला, उपकरण सुरू झालं आणि समितीने फ्लोरिन डोळ्यांनी बघितला. जे आपल्याला आयुष्यभर जमलं नाही, ते आपल्या विद्यार्थ्याने करून दाखवलं, याचं फ्रेमी सरांना मनापासून कौतुक वाटलं आणि त्यांनी ते मोकळेपणाने बोलूनही दाखवलं. असे सर मिळायलाही नशीब लागतं.

त्याच वर्षी म्वासाँ औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात विषशास्त्राचा प्राध्यापक झाला. या विषयाचा याहून अनुभवी मास्तर कुठे मिळाला असता?

भांड्याचा विचार त्याने पुढेही सोडला नाही. महागडं प्लॅटिनम फ्लोरिनमुळे झिजत होतं. काही वर्षांनी त्याने प्लॅटिनमऐवजी तांब्याची नळी वापरून बघितली आणि ती टिकली. कारण फ्लोरिन तांब्याला लागला, की वरच्या वर कॉपर फ्लोराइडचा पातळ थर बसतो आणि तोच थर आतल्या तांब्याचं रक्षण करतो. म्हणजे फ्लोरिनने स्वतःच भांड्याला कल्हई लावून दिली! १८९७ मध्ये त्याने लंडनच्या जेम्स ड्यूअरबरोबर फ्लोरिन इतका गार केला, की उणे १८८ अंशांना त्याचा फिकट पिवळा द्रव झाला. एवढ्या थंडीत मात्र तो काचेला हात लावत नव्हता.

भट्टी, कार्बाइड आणि हिरे

एवढं केल्यावर दुसरा कुणी सत्कारांवर जगला असता. म्वासाँने १८९२ मध्ये नवी गोष्ट बांधली, विजेच्या ठिणगीवर चालणारी भट्टी. तापमान साडेतीन हजार अंशांपर्यंत. या भट्टीतून त्याने एकामागून एक धातू आणि त्यांची कार्बाइडं काढली. कॅल्शियम कार्बाइड भट्टीत बनवण्याची रीत त्याने आणि त्याच सुमारास अमेरिकेत थॉमस विल्सनने शोधली. वेल्डिंगवाल्याकडचा अॅसिटिलीन गॅस या कार्बाइडपासूनच आला. आंबे झटपट पिकवायलाही काही व्यापारी तेच वापरतात, त्यावर कायद्याने बंदी आहे.

मग त्याला वाटलं, आपण हिरे बनवू. वितळलेल्या लोखंडात कार्बन विरघळवायचा आणि एकदम गार करायचा, म्हणजे आतल्या दाबाने हिरा तयार होईल. १८९३ मध्ये आपल्याला बारीक हिरे मिळाले असं त्याने जाहीर केलं. जगभर गाजावाजा झाला. पण पुढे इतरांना त्या रीतीने हिरे काही मिळाले नाहीत आणि आज त्याचा तो दावा मानला जात नाही. खरे कृत्रिम हिरे १९५० च्या दशकात बनले, त्याला कितीतरी जास्त दाब लागला. गंमत अशी, की हिऱ्यांच्याच नादात असताना अॅरिझोनात पडलेल्या उल्केच्या तुकड्यात त्याला सिलिकॉन कार्बाइडचे चमचमते स्फटिक सापडले. त्यांना पुढे त्याचंच नाव मिळालं, मॉइसनाइट. आज सराफाकडे हिऱ्याऐवजी जो स्वस्तातला चमकदार खडा दाखवतात, त्यात हे नाव ऐकलं असेल. तो खडा मात्र कारखान्यात बनतो.

१९०१ मध्ये त्याने आणि पॉल लबो याने आणखी एक फ्लोराइड वायू शोधला, सल्फर हेक्साफ्लोराइड. जगातल्या सगळ्यात भांडखोर मूलद्रव्यापासून बनलेला हा वायू कमालीचा शांत निघाला. जळत नाही, कुणाशी सहजासहजी बोलत नाही. इलेक्ट्रिकलच्या पोरांना तो एसएफ-सिक्स म्हणून माहीत असतो, मोठ्या उपकेंद्रांच्या सर्किट ब्रेकरमध्ये तोच भरलेला असतो. फक्त त्याला हवेत सोडू नये. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २४ हजार पट भारी आहे.

१९०६ चं रसायनशास्त्राचं नोबेल म्वासाँला मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. त्या वर्षी शर्यतीत दुसरं नाव होतं आवर्त सारणीच्या मेंडेलीव्हचं, आणि निवड समितीचा कौलही आधी मेंडेलीव्हच्याच बाजूने होता. अकादमीने शेवटी म्वासाँला निवडलं. यावर रसायनशास्त्राचे लोक आजही वाद घालतात. त्या दोघांना मात्र वाद घालायला वेळ मिळाला नाही. १९०७ च्या फेब्रुवारीत मेंडेलीव्ह गेला आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला म्वासाँ. स्टॉकहोमहून परतून जेमतेम दोन महिने झाले होते. अपेंडिक्सचं दुखणं निमित्त झालं. वय अवघं ५४. फ्लोरिनने त्याचं आयुष्य कमी केलं असं बरेच जण म्हणतात, त्याला ठोस पुरावा नाही. पण वर्षानुवर्षं असले वायू हुंगलेल्या शरीराने त्याची किंमत मोजलीच नसेल, असंही म्हणवत नाही.

त्याचा एकुलता एक मुलगा लुई पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच, ऑगस्ट १९१४ मध्ये, रणांगणावर मारला गेला. जाताना त्याने वडिलांच्या महाविद्यालयासाठी पैसे ठेवले होते, दोन पारितोषिकं सुरू करण्यासाठी. एक रसायनशास्त्रासाठी वडिलांच्या नावाने, दुसरं औषधनिर्माणशास्त्रासाठी आईच्या माहेरच्या नावाने.

आणि आपल्याकडे?

फ्लोरिन बनवण्याची कारखान्यातली रीत आजही मुळात म्वासाँचीच आहे. तोच क्षार, तेच हायड्रोजन फ्लोराइड, तीच वीज. विजेशिवाय, केवळ रासायनिक क्रियेने फ्लोरिन मिळवायला १९८६ साल उजाडलं, बरोबर १०० वर्षं. औषधं, फ्रीजमधले वायू, नॉनस्टिक तव्याचा थर, अणुभट्टीचं इंधन, या सगळ्यांच्या मागे कुठे ना कुठे फ्लोरिन उभा असतो. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावरचं बॉक्साइट वर्षानुवर्षं बेळगावच्या कारखान्यात गेलं. अशा बॉक्साइटमधून निघणाऱ्या अॅल्युमिनाचं अॅल्युमिनियम करायचं, तर तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवून वीज सोडतात. क्रायोलाइट म्हणजे पुन्हा फ्लोराइडच. ही रीतही १८८६ चीच.

बी.एस्सी. किंवा केमिकल इंजिनीअरिंग झालं, की तुमच्यापैकी अनेक जण लोटे, महाड, कुरकुंभ, तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागतील. तिथे हायड्रोजन फ्लोराइडशी गाठ पडू शकते. म्हणून त्याचा स्वभाव आत्ताच समजून घ्या. गंधकाम्ल सांडलं तर लगेच आग होते, माणूस हात मागे घेतो. पातळ हायड्रोफ्लोरिक आम्ल तसं नाही. ते त्वचेवर पडलं तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही, दुखणं काही तासांनी सुरू होतं. तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकत असतं. रक्तातलं कॅल्शियम उतरलं, की हृदयाचे ठोके बिघडतात. तीव्र आम्ल असेल तर दोन-तीन तळहातांएवढ्या जागेवरची इजाही जीव घेऊ शकते. वायू श्वासात गेला तर फुप्फुसात पाणी भरतं. २०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात टँकरमधून माल उतरवताना हा वायू सुटला. कामगारांच्या अंगावर पुरेशी संरक्षक साधनं नव्हती. पाच जण गेले, आसपासच्या हजारोंना दवाखाना गाठावा लागला, शेतातली पिकं करपली.

त्यामुळे असल्या प्लांटवर पहिल्या दिवशी लाजू नका, विचारा. या पदार्थाची सेफ्टी डेटा शीट कुठे आहे? कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल कुठे ठेवलीय, तिची मुदत संपली तर नाही ना? शॉवर चालू आहे का? अंगावर थेंब उडाला तर दुखायची वाट न बघता लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, ती जेल चोळायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं, डॉक्टरांना पदार्थाचं नाव सांगायचं. कुणी सीनियर म्हणाला, की आम्ही वर्षानुवर्षं हातमोजे न घालता काम करतोय, तर त्याला नॉक्स बंधूंची गोष्ट सांगा.

लुये आणि निकलेस यांच्यात धाडस म्वासाँपेक्षा कमी नव्हतं. फरक तयारीत होता. काय बनवायचंय याच्याआधी ते कशात बनवायचं, किती गार ठेवायचं आणि बिघडलं तर कुठे थांबायचं, हे त्याने ठरवलं. येत्या २६ जूनला दसरा चौकात महाराजांना मुजरा करायला जाल, तेव्हा सोबतच्या केमिस्ट्रीवाल्या मित्राला ही दुसरी गोष्टही सांगा.